पॉलिशवाल्या गोमाची बोटं

उल्हासनगरात त्या काळी डब्यावर छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर बाहेरगावचा असायचा, नाहीतर निव्वळ बावळट. डब्यावर लंडन असायचं आणि आतला माल कॅम्प पाचच्या एखाद्या गाळ्यात लोखंडी बादलीत ढवळलेला असायचा. मोटारीच्या पॉलिशचं तर विचारूच नका. एकाच दुकानातून एकाच नावाचे दोन डबे आणावेत, तर एकात लोण्यासारखं मेण निघायचं आणि दुसऱ्यात गोठलेला डालडा. गॅरेजवाले दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायचे आणि पुन्हा त्याच्याकडूनच माल उचलायचे, कारण दुसरीकडे तरी काय वेगळं मिळणार होतं!

कॅम्प तीनमधल्या झमटमल सेठला मात्र ही कटकट नव्हती, कारण त्याच्याकडे गोमा होता.

गोमा बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतला. बाप कड्यावरची पोळी काढायचा, आई मध गाळून उरलेलं मेण पाण्यात उकळून त्याचे गोळे करायची. सात-आठ वर्षांचा असल्यापासून गोमाच्या हातातून मेण जात आलेलं. एक्याऐंशी साली तो अंबरनाथला बिगारी म्हणून आला आणि एका दुपारी पाणी प्यायला म्हणून झमटमलच्या गॅरेजात शिरला. सेठ नुकतेच घेतलेले पॉलिशचे डबे मोठ्या कौतुकाने मांडून बसला होता. गोमाने पाणी प्यायलं, आणि न विचारता एका डब्यातलं चिमूटभर मेण उचलून अंगठा आणि तर्जनीत मळलं.

"ह्यात मेण कमी हाय," तो म्हणाला. "मेणबत्ती जास्त."

सेठ चिडला. कोण कुठला फाटक्या बनियनमधला माणूस आणि त्याला मालाची अक्कल शिकवतो! पण दुसऱ्या दिवशी त्या पॉलिशने एका काळ्या अ‍ॅम्बॅसिडरवर असे काही पांढरे ओघळ उमटवले, की गिऱ्हाइकाने सेठच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. सेठने संध्याकाळी स्वतः जाऊन बांधकामावरून गोमाला शोधून आणलं.

गाडी चमकवणं म्हणजे फडकं मारणं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते खुशाल वाटून घ्यावं. आधी कंपाउंड लावायचं. त्यात कण असतात, ते रंगाचा वरचा मेलेला थर कापतात. मग त्याहून बारीक कंपाउंड, पहिल्याचे ओरखडे काढायला. मग मेण, अगदी पातळ, सुकेपर्यंत थांबून पुसायचं. उन्हाने पांढऱ्या पडलेल्या जुन्या फियाटला जे जाडं कंपाउंड औषधासारखं लागू पडतं, तेच नव्या गाडीवर घासलं तर उन्हात उभी केल्यावर तिच्या अंगावर कोळ्याचं जाळं विणलेलं दिसतं. कुठल्या रंगाला कुठला माल, एवढंच काय ते शास्त्र. आणि डब्यावरचं लिहिलेलं खोटं असलं, की ते शास्त्र बोटांच्या पेरांत येऊन बसतं. गोमा कंपाउंड मळायचा, डोळे अर्धवट मिटायचा आणि सांगायचा: हे फियाटला, हे काळ्या गाडीला, आणि हे परत द्या त्याचं त्याला. दहा वर्षांत तो चुकला नाही. आजूबाजूच्या गॅरेजांतूनही माणसं डबे घेऊन यायची. सेठ त्यांना आधी ताटकळत बसवायचा, कारण फुकटची ऐट कुणाला नको असते?

"आपल्याकडे मशीन आहे, साईं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गोमाचा हात वर करून दाखवायचा. गोमा लाजायचा, पण त्याला ते फार आवडायचं. वाडीतल्या पोराला शहरात कुणी मान देतं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

त्याच गॅरेजात स्प्रे मारायला भीमराव होता. मोरिवलीचा, बोलका माणूस, बाबासाहेबांच्या जयंतीला स्वतःच्या हाताने कमान रंगवणारा. त्यानेच गोमाला मोरिवलीत आपल्या शेजारची खोली मिळवून दिली. गोमाचं लग्न झालं, पुतळी आली. ती आनंदनगरच्या एका कारखान्यात झाडलोटीला जायची. मूल दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. ते दुःख दोघांनी फारसं न बोलता गिळलं. सकाळी गोमा आणि भीमराव एकाच सायकलीवरून कॅम्प तीनला जायचे. चढ आला की गोमा उतरायचा.

एक्याण्णवच्या पावसाळ्यानंतर कधीतरी गोमाच्या लक्षात आलं, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपल्यासारखं झालंय. त्याने ते भीमरावला सांगितलं.

"थिनर रे!" भीमराव हसला. "माझी बघ ना, सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत. ह्या धंद्यात बोट मरतंच. टेन्शन नको घेऊ."

हे एकटा भीमरावच म्हणायचा असं नाही. कॅम्प तीनमधला कुठलाही रंगारी, कुठलाही पॉलिशवाला हेच म्हणाला असता. रंग पातळ करायच्या थिनरमध्ये, रॉकेलमध्ये हात बुडवून बुडवून कातडी जाड होते, जाणीव कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकंच काय, त्याची फुशारकी मारायची पद्धत होती. नवीन माणूस आला की जुने लोक पेटती विडी बोटाच्या टोकावर विझवून दाखवायचे. हात मेला म्हणजे माणूस कारागीर झाला! अशा मूर्खपणाला काय म्हणावं? पण त्या गल्लीत तो मूर्खपणा नव्हता, अनुभव होता.

गोमाला हे कारण पटलं. खरं तर त्याने ते पटवून घेतलं. कारण त्याच सुमाराला त्याच्या कोपरावर पावलीएवढा फिकट चट्टा उठला होता, आणि तो चट्टा त्याने ओळखला होता.

वाडीत रखमाबाई म्हणून एक बाई होती. तिला महारोग झाला तेव्हा तिची झोपडी ओढ्यापलीकडे बांधली. तिची भाकरी ओढ्यातल्या एका सपाट खडकावर ठेवायची आणि ठेवणाऱ्याने मागे न बघता परत यायचं, असा वाडीचा रिवाज. लहानपणी ते काम कितीदा तरी गोमाच्या वाट्याला आलं होतं. एकदा त्याने मागे वळून बघितलं. ती दोन्ही हातांच्या मनगटांत भाकरी धरून खात होती. बोटं नव्हतीच. ती मेली तेव्हा तिला खांदा द्यायला कुणी गेलं नाही, झोपडीसकट पेटवून दिली.

तर गोमाने बाजारातून पूर्ण बाह्यांचे दोन सदरे आणले. मे महिन्यात, भर दुपारी तो मनगटापर्यंत गुंड्या लावून गाड्या घासायचा. भीमरावने टिंगल केली, "काय रे, साहेब झालास?" गोमा म्हणाला, थिनर उडतो अंगावर. पुन्हा थिनरच. थिनर फार उपयोगी पडला त्याला.

वर्षभरात बधिरपणा करंगळीवरून सरकत तर्जनीपर्यंत आला. एका सकाळी सेठने नवा डबा पुढे केला, गोमाने नेहमीसारखी चिमूट मळली, डोळे अर्धवट मिटले, आणि त्याला काहीच कळलं नाही. बोटांत काही आहे की नाही हेसुद्धा नाही.

"क्या बोलता है?" सेठ म्हणाला.

गोमाने वेळ मारून न्यायला म्हणून चिमूट जिभेवर ठेवली आणि दातांखाली चावून बघितली. कण दाताला लागला, उत्तर मिळालं. पण दुपारी त्याला ज्या उलट्या सुरू झाल्या त्या दोन दिवस थांबल्या नाहीत. दातांचा उपाय तिथेच संपला.

त्याने दुसरी युक्ती काढली. पुढच्या वेळी डबा आला तेव्हा त्याने अगदी गंभीर तोंड करून सांगितलं, "सेठ, आजकालचा माल लगेच कळत नाय. रातभर ठेवून बघावा लागतो."

"रातभर?"

"हां. मिसळ खाली बसली की खरं काय ते समजतं."

सेठने मान डोलवली. बघता बघता ही गोष्ट गल्लीत पसरली. दोन महिन्यांत कॅम्प तीनमधली सगळी गॅरेजं नवा माल रात्रभर ठेवून सकाळी तपासू लागली, आणि एका जाणत्याने तर त्याचं कारणही समजावून सांगितलं म्हणतात. शहाण्यांची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती.

गोमा दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या तुकड्यात चिमूटभर माल बांधून घरी न्यायचा. संध्याकाळी पुतळी कामावरून आली, हातपाय धुतले, की तिच्यासमोर ती पुरचुंडी उघडायचा.

"जरा मळून बघ. खरखर लागतं का?"

"लागतं."

"किती? पिठावानी का रव्यावानी?"

पुतळी विचार करायची. "पिठात कोंडा ऱ्हातो ना, त्यावानी."

"आणि हे मेण? लगेच इरघळतं का?"

"नाय. गोळी ऱ्हाते."

सकाळी गोमा सेठला सांगायचा, कण हाय, जुन्या फियाटला चालंल. मेण परत द्या. आणि ते बरोबर निघायचं. पुतळीची बोटं चांगली होती. शिवाय तिचा स्वभाव असा, की नक्की कळलं नाही तर ती तसं सांगायची, "आज हात सोलवटलेत, उद्या इचार." गोमा चिडायचा, पण मनातून त्याला ठाऊक होतं, की बायकोच्या ह्या खरेपणावरच आपली भाकर चालली आहे.

पहिल्या वेळेस तिने विचारलं होतं, "तुला कळत नाय का रे?"

"थिनर बसलाय बोटांत. सगळ्यांच्याच बसतो."

मग एके दिवशी चुलीवरून त्याने उकळत्या आमटीचं पातेलं नुसत्या हाताने उचललं, आरामात खाली ठेवलं आणि जेवायला बसला. पुतळीने त्याच्या हाताकडे बघितलं. तळव्यावर फोड टरारून आला होता आणि गोमा त्याच हाताने भात कालवत होता. तीही वाडीतलीच होती, शेजारच्या. तिला काय कळायचं ते कळलं. त्यानंतर रोज झोपताना ती त्याच्या हातांना खोबरेल चोळायची, आणि तो विचारायचा नाही, की हे काय नवीन.

"दवाखान्यात जाऊ," एकदा ती म्हणाली.

"कशाला?"

"असंच."

"एकदा कागदावर नाव चढलं की सेठ ठेवंल का मला? हा भीमराव सायकलवर बसवंल? आणि वाडीत काय करतात म्हायती हाय ना तुला?" त्याचा आवाज चढला होता. "थिनर हाय. जाईल."

भीती त्याच्याइतकीच पुतळीलाही होती, म्हणून तिने पुन्हा विषय काढला नाही. दोघांनी मिळून ते दुखणं असं सांभाळलं, जसं काही घरात लपवलेलं माणूस आहे आणि त्याची चाहूल बाहेर जाता कामा नये. त्यात दोन वर्षं गेली. चीड येते ती ह्याचीच. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी त्या रोगाच्या गोळ्या फुकट मिळत होत्या, आणि तो दवाखाना गॅरेजपासून चालत वीस मिनिटांवर होता.

चौऱ्याण्णवच्या लग्नसराईत एका दागिनेवाल्याची गाडी आली. पांढरी, नवी कोरी म्हणावी अशी, मुलाच्या वरातीसाठी चमकवायची. वरात त्याच संध्याकाळी. नेमका बारीक कंपाउंडचा डबा संपलेला. सेठने माणूस पिटाळून नवा आणवला, झाकण उघडलं आणि गोमापुढे धरलं.

"देख जल्दी. चलेगा ना?"

"रातभर..."

"अरे, रातभर क्या! शामको बारात है. हात लगाके बोल."

दागिनेवाला समोर उभा. भीमराव स्प्रेची बंदूक धुता धुता थांबून बघतोय. गोमाने चिमूट उचलली, मळली, डोळे अर्धवट मिटले. खडा असो की लोणी, त्याच्या बोटांना सगळं सारखंच होतं. नाही म्हणावं तर दुसरा माल कुठून आणणार, आणि का नाही म्हणतोस हे काय सांगणार?

"चालंल," तो म्हणाला.

तो माल जाडा होता. फियाटचासुद्धा नव्हे, ट्रकचा म्हणावा असा. गोमाने तीन तास ती गाडी घासली. इतर वेळी चुकीचं कंपाउंड हाताखाली ओढ घेतं, फडकं अडखळतं, दोन हातांतच कारागिराला कळतं. त्याला काही कळलं नाही. उलट आज त्याने जास्त जोर लावला, कारण मनात धाकधूक होती आणि धाकधूक झाली की माणूस जोर लावतो. फडकं झिजून भोक पडलं, तेही त्याला उमगलं नाही. दागिनेवाला परत आला तेव्हा तो बॉनेटवर शेवटचा हात फिरवत होता.

"ये लाल लाल क्या है?"

गोमाने पाहिलं. पांढऱ्या बॉनेटवर गुलाबीसर पट्टे होते, अर्धवर्तुळाकार, एकात एक.

"फडक्याचा रंग गेला असंल, सेठ," तो म्हणाला आणि घाईघाईने पुसू लागला. पट्टे गेले नाहीत. जिथे तो पुसत होता तिथे ते आणखी लाल होत होते. त्याने दुसरं कापड घेतलं, पाणी मारलं, पुन्हा पुसलं. आता चांगला लालभडक ओघळ बॉनेटवरून खाली, दिव्यापर्यंत गेला. गोमा वाकून तो ओघळ पुसत होता आणि पुटपुटत होता, "जातंय, जातंय, आत्ता जातंय."

भीमरावने धावत येऊन त्याचं मनगट धरलं आणि हात वर केला. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं फडक्याच्या भोकातून कंपाउंडवर घासून सोलून निघाली होती. एका ठिकाणी आत पांढरं दिसत होतं. गॅरेजातली सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती, आणि गोमा त्या माणसांकडे.

"गोमा," भीमराव हळूच म्हणाला, "दुखत नाही तुला?"

दागिनेवाला दोन पावलं मागे सरला. सेठचं लक्ष प्रथमच त्या पूर्ण बाहीकडे गेलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि आपली स्वतःची बोटं पुसली, ज्या बोटांनी त्याने बारा-तेरा वर्षं हा हात वर करून गिऱ्हाइकांना दाखवला होता. थिनर ही गोष्ट त्या क्षणी संपली. कुणीही तो शब्द काढला नाही.

"डॉक्टर का कागज लेके आ," सेठ शेवटी म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याने हे गोमाकडे न बघता सांगितलं. "बोटं चालतात असं लिहून आण, मग बघू."

भीमरावने त्याला नेहमीसारखं सायकलीवर पुढे बसवून घरी आणलं. एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मंगळवारी पुतळीने कामावर खाडा केला आणि गोमाला घेऊन दवाखान्यात गेली. बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी गोमाची बाही वर केली, कोपर दाबून बघितलं, चट्टे मोजले. कानांच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या. मग समजावून सांगितलं. दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. रोग पूर्ण जाईल. पहिल्या गोळीनंतर कुणाला लागायची भीती नाही, बायकोने खुशाल एका ताटात जेवावं.

"आणि बोटं?" गोमाने विचारलं.

"बघू या ना, किती शिल्लक आहे ते." त्यांनी कापसाची वात वळली. "डोळे मिटा. मी हाताला कापूस लावीन. लागला की 'हो' म्हणायचं आणि कुठं लागला ते दुसऱ्या हाताने दाखवायचं."

गोमा ताठ बसला. शाळेत तो कधी गेला नव्हता, पण परीक्षेला बसलेल्या मुलासारखा त्याने दीर्घ श्वास घेतला आणि डोळे घट्ट मिटले. सेठचा कागद ह्यावर अवलंबून होता. बांधलेली दोन बोटं सोडून बाईंनी उरलेल्या बोटांवर कापूस टेकवला.

"हो," गोमा म्हणाला. "इथं." दाखवलं ते बोट चुकीचं होतं.

बाईंनी अंगठ्याला लावला. गोमा गप्प. मग त्यांनी हात मागे घेतला. तेवढ्यात गोमा म्हणाला, "हो. करंगळीला."

बाईंनी वर बघितलं. त्यांनी कापूस टेबलावर ठेवून दिला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. गोमाने मनातल्या मनात थोडं मोजलं असावं. बाई किती वेळाने कापूस लावतात ह्याचा अंदाज त्याने बांधला होता.

"हो," तो म्हणाला. "अंगठ्याला." थोडं थांबून, "हो. हितं, पेरावर." मग आणखी एकदा, आता जरा आत्मविश्वासाने, ओठांवर जुनं लाजरं हसू आणून, "हो. हे तर चांगलंच लागलं."

पुतळी टेबलावरच्या कापसाकडे बघत होती. दोन वर्षं त्याने तिला विचारलं होतं आणि तिने त्याला जे लागलं तेच सांगितलं होतं, पिठाला पीठ आणि रव्याला रवा. बाईंनी पेन उचललं आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. पेनाचा आवाज ऐकून गोमाने डोळे उघडले आणि आधी बायकोकडे बघितलं.

"बरोबर आली ना सगळी?"

"आली," पुतळी म्हणाली.